रक्त पुन्हा वाहते करताना : कर्जतच्या अंतरावरून एक आढावा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत कळ आली, तर घरच्यांपुढे तीन वाटा असतात. मिरजगावहून नगर–सोलापूर महामार्गाला लागून अहिल्यानगर, राशीन-भिगवणवरून बारामती, नाहीतर सरळ पुणे. पहिली दोन शहरे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, पुणे दीडशेच्या आसपास. वस्तीवरून डांबरी रस्त्याला लागायला लागणारा वेळ वेगळाच. गाडी लगेच मिळाली आणि रस्ता मोकळा असला, तरी मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. तिथे कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या नळ्या उघडण्याची खोली, सुरू करून डॉक्टर तयार होईपर्यंत आणखी वेळ जातो.

बंद पडलेला रक्तपुरवठा पुन्हा सुरू करण्याचे शास्त्र गेल्या साठ वर्षांत फार पुढे गेले आहे. हृदयाची नळी फुग्याने उघडता येते, मेंदूतली गुठळी ओढून काढता येते, काळा पडू लागलेला पाय वाचवता येतो, तुटलेले बोट परत जोडता येते. पण एकच उपाय पुण्यातल्या माणसाला सर्वांत चांगला आणि कर्जतच्या माणसाला उशिराचा ठरू शकतो. म्हणून हा आढावा कर्जतच्या अंतरावरून घेतला आहे. कोणते उपाय आहेत, त्यांचा फायदा कितपत सिद्ध झाला आहे, आणि इथल्या माणसाने ते कोणत्या क्रमाने वापरावेत, हे तीन प्रश्न त्यात आहेत.

किती वेळ हातात असतो?

प्रत्येक अवयवाची सहनशक्ती वेगळी असते. मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. २००६ साली मांडलेल्या एका हिशेबानुसार मोठी नळी बंद पडून झालेल्या पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. हृदयाचा स्नायू वीस-तीस मिनिटे तग धरतो आणि मग आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे मरत जातो. हातापायांच्या स्नायूंना साधारण सहा तास मिळतात. बोटांत स्नायू जवळजवळ नसतोच, त्यामुळे तुटलेले बोट नीट थंड ठेवले तर चोवीस तासांपर्यंतही जोडण्याजोगे राहू शकते.

कुकडी कालव्याचे आवर्तन लांबले की टेलचे पीक आधी जळते, हे कर्जतच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शरीरातही तसेच होते. मुख्य नळीपासून सर्वांत दूर असलेला भाग आधी जातो. म्हणूनच हृदयात आतला थर आणि पायात बोटे पहिल्यांदा दगावतात.

उशिरा सोडलेल्या रक्ताचा स्वतःचाही धोका असतो. बराच वेळ उपाशी राहिलेल्या पेशींत अचानक रक्त शिरले की सूज येते. हृदयाची लय बिघडू शकते. पायाचे स्नायू फुगून आतल्या आत दाबले जातात, तेव्हा आवरण चिरून जागा करून द्यावी लागते. मेलेल्या स्नायूतले पोटॅशियम रक्तात उतरले तर हृदय थांबू शकते, आणि स्नायूतल्या प्रथिनांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. रक्त सुरू करणे इतकेच पुरेसे नसते, ते वेळेत सुरू करावे लागते.

साठ वर्षांची वाट

रक्तवाहिन्या एकमेकींना टाके घालून जोडण्याची पद्धत अलेक्सी कारेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवली. त्यासाठी त्यांना १९१२ चे नोबेल मिळाले. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायाची अरुंद झालेली नळी त्वचेतून नळ्या सरकवून रुंद केली. बाईंनी पाय कापून घ्यायला नकार दिला होता. पुढे सुमारे अडीच वर्षे, मृत्यूपर्यंत, त्या स्वतःच्या पायांवर चालल्या. त्याआधी वर्षभर, १९६३ मध्ये, थॉमस फोगार्टी यांनी गुठळी ओढून काढणारी फुग्याची नळी आणली होती. ती आजही वापरात आहे.

१९६७ मध्ये रेने फावालोरो यांनी पायाची शीर काढून हृदयाला जोडली आणि बायपासला आजचे रूप दिले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिकमध्ये आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी जागृत रुग्णाच्या हृदयाची नळी फुग्याने उघडली. भारतात डॉ. के. एम. चेरियन यांनी १९७५ मध्ये पहिली बायपास केली. महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया घराघरांत ज्यांच्या नावाने ओळखली गेली ते डॉ. नितू मांडके २२ मे २००३ रोजी स्वतःच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. ज्ञान कितीही असो, झटक्याच्या वेळी मदत हाताशी असणे हेच निर्णायक ठरते.

हृदय : आधी इंजेक्शन, मग फुगा

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात हृदयाची एक नळी गुठळीने पूर्ण बंद होते. ती उघडण्याचे दोन मार्ग आहेत. एक, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. दुसरा, नळी फुग्याने उघडून आत जाळीचा स्टेंट बसवणे, म्हणजे अँजिओप्लास्टी.

इंजेक्शनचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. १९८६ मध्ये इटलीतल्या ११,८०६ रुग्णांच्या अभ्यासात स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने मृत्यू कमी होतात हे सिद्ध झाले. १९८८ च्या १७,१८७ रुग्णांच्या अभ्यासात साध्या ॲस्पिरिननेही जीव वाचतात आणि दोन्ही मिळून जास्त वाचतात, हे दिसले. वेळेचा हिशेब १९९६ च्या एका विश्लेषणात मिळतो. पहिल्या तासात इंजेक्शन दिले तर दर हजार रुग्णांमागे ६५ जीव वाचतात. दुसऱ्या तासात दिले तर ३७. एका तासात फायदा जवळजवळ निम्म्यावर येतो.

अँजिओप्लास्टी वेळेत झाली तर ती इंजेक्शनपेक्षा सरस आहे, यात वाद नाही. प्रश्न ‘वेळेत’चा आहे. झटक्याचे निदान झाल्यापासून १२० मिनिटांत नळी उघडता येत असेल तर थेट अँजिओप्लास्टी करावी. तेवढ्या वेळात जमणार नसेल तर आहे तिथेच इंजेक्शन द्यावे आणि मग रुग्णाला पुढे न्यावे, असे जागतिक मार्गदर्शन आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,८९२ रुग्णांच्या चाचणीत आधी टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन नंतर अँजिओग्राफी (नळ्यांचे चित्रण) केलेल्यांचे निकाल थेट अँजिओप्लास्टी झालेल्यांच्या तोडीचे निघाले. त्यातल्या साधारण तिघांपैकी एकाची नळी इंजेक्शनने नीट उघडली नाही, त्यांना तातडीने अँजिओप्लास्टी करावी लागली. म्हणून इंजेक्शननंतर तालुक्यातच थांबून चालत नाही. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका थोडा वाढला, तेव्हा ७५ वर्षांवरच्यांना अर्धा डोस देण्याचे ठरले.

हे इंजेक्शन देताना प्रत्यक्षात काय होते ते पाहण्यासारखे आहे. रुग्ण खाटेवर येतो. छातीवर, हातापायांवर वायरी लावून दहा मिनिटांत ईसीजी निघतो. त्याचा फोटो मोबाईलवरून हृदयतज्ज्ञाकडे जातो. डॉक्टर ठरलेले प्रश्न विचारतात: पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, अलीकडे शस्त्रक्रिया झाली का, कुठून रक्त जाते का, रक्तदाब किती आहे. ॲस्पिरिन चावायला देतात. वजन पाहून टेनेक्टेप्लेजचा डोस भरतात आणि पाच-दहा सेकंदांत तो शिरेतून आत जातो. स्ट्रेप्टोकायनेज असेल तर १५ लाख युनिट सलाईनमधून अर्धा ते एक तास चालते. पुढचा तास-दीड तास मॉनिटरवर नजर असते. ईसीजीतली उचललेली रेघ खाली येते का, कळ थांबते का, हे पाहायचे. या सगळ्याला कॅथलॅब लागत नाही. ईसीजी, मॉनिटर, शॉक देण्याचे यंत्र, औषध आणि धीराने निर्णय घेणारा डॉक्टर एवढे पुरते. आणि हे टेनेक्टेप्लेज पुण्यातली जेनोव्हा कंपनीच बनवते.

मग अडते कुठे? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या २०,४६८ रुग्णांच्या नोंदींत रुग्णालयात पोहोचायला लागलेल्या वेळेचा मध्यक ३६० मिनिटे होता. सहा तास. त्यातले बरेचसे घरातच जातात. “पित्त झालंय”, “गॅस धरलाय”, “सकाळी बघू”. कुणी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतो आणि कळ जरा कमी झाली की झोपतो. त्या गोळीने गुठळी विरघळत नाही, रक्तदाब मात्र धोकादायक खाली येऊ शकतो.

यावर मात करता येते हे तामिळनाडूने दाखवले. तिथे लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांना जोडली. लहान ठिकाणी ईसीजी आणि इंजेक्शन, मोठ्या ठिकाणी अँजिओप्लास्टी, मध्ये सुसज्ज रुग्णवाहिका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एका वर्षातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागानेही ‘स्टेमी महाराष्ट्र’ या नावाने सरकारी रुग्णालयांतले ईसीजी तज्ज्ञांकडे पाठवून काही मिनिटांत निदान कळवण्याची हीच दिशा धरली आहे. कर्जतसारख्या तालुक्यासाठी यापेक्षा योग्य रचना दुसरी नाही.

झटका नसताना : प्रत्येक ब्लॉकेजला स्टेंट नको

झटक्यात वेळ हाच शत्रू असतो. चालताना छाती भरून येते आणि बसले की थांबते, अशा स्थिर दुखण्यात मात्र घाई नसते. इथेच सर्वांत जास्त पैसा आणि भीती खर्च होते. २०२० च्या ५,१७९ रुग्णांच्या ‘इस्केमिया’ चाचणीत स्थिर रुग्णांवर लगेच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्याने औषधांच्या तुलनेत मृत्यू कमी झाले नाहीत. छातीचे दुखणे मात्र जास्त कमी झाले. म्हणजे औषधे घेऊनही दुखत असेल तर फायदा आहे, नुसत्या ‘सत्तर टक्के ब्लॉकेज’ या आकड्यासाठी घाई नाही. डाव्या मुख्य नळीतला अडथळा किंवा खूप दुबळे झालेले हृदय यांची गोष्ट वेगळी, तिथे शस्त्रक्रियेचा विचार वेळेत व्हायला हवा.

मधुमेह असून अनेक नळ्या अरुंद झाल्या असतील तर बायपास सरस ठरते. १,९०० रुग्णांच्या २०१२ च्या ‘फ्रीडम’ चाचणीत पाच वर्षांतले मृत्यू स्टेंटवाल्यांत १६.३ टक्के आणि बायपासवाल्यांत १०.९ टक्के होते. मधुमेही रुग्णाला तीन-चार स्टेंट सुचवले गेले तर हृदय शल्यचिकित्सकाचे मत घ्यायचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

“ऑपरेशनशिवाय ब्लॉकेज विरघळवतो” अशा जाहिराती तालुक्याच्या गावीही भिंतींवर दिसतात. त्यातल्या कीलेशन सलाईनची नीट तपासणी झाली आहे. मधुमेही हृदयरुग्णांवरच्या २०२४ च्या मोठ्या चाचणीत तिचा काहीही फायदा दिसला नाही. त्यासाठी दागिने मोडू नयेत.

मेंदू : साडेचार तास आणि सीटी स्कॅन

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले की गावात ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात आणि अनेकदा रुग्णाला लकव्यावर झाडपाला देणाऱ्याकडे नेतात. तिथे घालवलेला दिवस परत मिळत नाही. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. १९९५ मध्ये त्याचा फायदा पहिल्यांदा सिद्ध झाला. मोठी नळी बंद असेल तर मांडीतून नळी घालून गुठळी ओढून काढता येते. २०१५ पासूनच्या चाचण्यांनी ते पक्के केले आणि २०१८ मध्ये निवडक रुग्णांत ही मुदत चोवीस तासांपर्यंत वाढली.

हृदयाशी इथे एक मोठा फरक आहे. पक्षाघात रक्तस्रावानेही होतो. त्यामुळे सीटी स्कॅन झाल्याशिवाय हे इंजेक्शन देता येत नाही आणि घरच्यांनी ॲस्पिरिनही देऊ नये. छातीत कळ असेल तर जवळच्या ईसीजीकडे, तोंड वाकडे झाले तर सीटी स्कॅन आणि इंजेक्शनची सोय असलेल्या ठिकाणी सरळ. लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवावी, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

पाय : कापण्याआधीची तपासणी

भारतात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. या दोन्हींचा भार पायांवर येतो. विडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत बर्गर नावाचा आजारही होतो, त्यात तिशी-चाळिशीतच बोटे काळी पडतात. त्यावर तंबाखू पूर्ण सोडणे हाच पहिला उपाय आहे. ती सुरू राहिली तर कुठलीही शस्त्रक्रिया टिकत नाही.

सुरुवात साधी असते. शेतापर्यंत चालताना पोटऱ्या भरून येतात, थांबले की बरे वाटते. या टप्प्यावर रोज नेमाने चालण्याचा व्यायाम, तंबाखू बंद आणि औषधे यांनी बहुतेकांचे भागते. पण रात्री पडल्या पडल्या पाय दुखू लागला, पाय खाली सोडल्यावरच बरे वाटू लागले, किंवा जखम पंधरा दिवसांत भरली नाही, तर तो पाय धोक्यात आहे. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढण्याची चाचणी काही मिनिटांची आहे. ०.९ पेक्षा कमी आकडा म्हणजे रक्तपुरवठा कमी. मधुमेहात नळ्या कडक झाल्याने हा आकडा फसवा असू शकतो, तेव्हा डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करावी.

फुगा की बायपास, यावर अजून एकमत नाही. २०२२ च्या एका चाचणीत पायाची चांगली शीर उपलब्ध असेल तर बायपास सरस ठरली. २०२३ मध्ये गुडघ्याखालच्या नळ्यांवरच्या दुसऱ्या चाचणीत आधी फुगा वापरणे बरे ठरले. रुग्ण पाहून निर्णय घ्यावा, असाच याचा अर्थ. एका गोष्टीवर मात्र कोणाचे दुमत नाही: रक्तवाहिन्यांची तपासणी केल्याशिवाय मधुमेही माणसाचा पाय कापू नये. पाय एकाएकी थंड, पांढरा, बधिर पडला तर ती तासांची लढाई आहे, अशा वेळी उद्याची वाट पाहणे म्हणजे पाय गमावणे.

कडबाकुट्टीत तुटलेले बोट

कर्जत ज्वारीचा आणि दुधाचा तालुका. गोठ्यागोठ्यात कडबाकुट्टी आहे. तिची रचना पाहा: पुढे पन्हाळ, आत दातेरी रूळ आणि त्यामागे मोटरवर फिरणाऱ्या चाकाला बसवलेली पाती. चिपाडे अडकली की माणूस हाताने आत ढकलतो. रूळ चारा ओढतात तसा पदर ओढतात, बाहीही ओढतात, मग बोटे. पुष्कळदा या कामाला घरातली बाई किंवा शाळेतला मुलगा असतो.

तुटलेला अवयव जोडण्याची पहिली मोठी यशस्वी शस्त्रक्रिया १९६२ मध्ये बोस्टनला बारा वर्षांच्या मुलाच्या हातावर झाली. १९६५ मध्ये जपानमध्ये पूर्ण तुटलेला अंगठा जोडला गेला. एखाद मिलिमीटरची नळी सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने शिवायची असते, त्यामुळे हे काम मोठ्या शहरातल्या प्लास्टिक सर्जनचे आहे. कोयत्याने साफ तुटलेले बोट जोडण्याची शक्यता जास्त, रुळांत चिरडलेल्याची कमी.

पण बोट चांगल्या स्थितीत पोहोचवणे घरच्यांच्या हातात असते. बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये, पाण्यात, दुधात बुडवू नये, हळद किंवा चुना लावू नये. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, दोरीने करकचून बांधू नये. मळणी यंत्रांसाठी धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा १९८३ चा कायदा आहे. कडबाकुट्टीलाही पन्हाळीवर झाकण, चाकाला जाळी आणि हाताशी थांबवण्याचा दांडा नसेल तर ती विकत घेऊ नये.

जिथे उपाय उपयोगाचा नाही

मूत्रपिंडाची नळी अरुंद झाली की स्टेंट घालावा, हे वरवर पटण्यासारखे वाटते. २०१४ च्या ९४७ रुग्णांच्या चाचणीत चांगल्या औषधांपेक्षा त्याचा जादा फायदा दिसला नाही. तरुण मुलींमधल्या ताकायासू आजारासारखे अपवाद आहेत, पण सरसकट नाही. आतड्याचा रक्तपुरवठा एकाएकी तुटणे मात्र खरी आणीबाणी असते. पोट तपासताना मऊ लागते आणि रुग्ण वेदनेने तळमळतो, हे दिसले की क्षणही घालवू नये.

पैसा

एके काळी स्टेंटसाठी जमीन गहाण पडत असे. १३ फेब्रुवारी २०१७ पासून केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, औषधयुक्त स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी आरोग्य योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०२३ च्या शासन निर्णयाने तिचे कवच कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये झाले. अँजिओप्लास्टी आणि बायपास तिच्यात आहेत. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका सेवाही आहे, ९३७ गाड्यांनी ती सुरू झाली. खर्चाची अडचण संपलेली नाही, पण आता जीव मुख्यतः उशिरामुळे जातो. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या परस्पर बंद केल्यामुळेही जातो. डॉक्टरांना न विचारता त्या एक दिवसही थांबवू नयेत.

निष्कर्ष आणि मागणी

कर्जतला कॅथलॅब कधी होईल ही चर्चा करण्याआधी तीन गोष्टींचा आग्रह धरायला हवा. उपजिल्हा रुग्णालयात गुठळी विरघळवणारे औषध, मॉनिटर आणि ते देण्याची मुभा असलेला डॉक्टर चोवीस तास असावा. मिरजगाव-राशीनसारख्या मोठ्या गावांतल्या आरोग्य केंद्रांत छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाचा ईसीजी दहा मिनिटांत निघून तज्ज्ञाकडे जावा. आणि आठवड्यातून एक दिवस मधुमेह्यांचे पाय तपासले जावेत. यांतल्या एकाही गोष्टीला मोठी इमारत लागत नाही. ग्रामसभेत रस्ता आणि पाण्याइतक्याच ठामपणे हे प्रश्न विचारले जावेत.

वाचकांना एवढेच सांगणे: छातीत दाबल्यासारखी कळ येऊन घाम फुटला आणि ती पंधरा-वीस मिनिटांत थांबली नाही, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि पुण्याची गाडी शोधण्याआधी जवळचा ईसीजी गाठा.